एकही चूक नाही

९ जून, सोमवार

परत लाल! ओळ दोनशे बारा. चहा गार झाला, डबा राहिला, आणि कॉम्प्युटरचं एकच पालुपद — फाईलमध्ये चूक आहे, पुस्तक उघडता येत नाही. अरे बाबा, कुठली चूक ते तरी सांग! त्या ओळीत मला फक्त 'शेती & पाणीपुरवठा' एवढंच दिसतंय. त्यात न उघडण्यासारखं काय आहे?

कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य गेलं. पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवले, फाटली की शिवायला दिली, पोरांनी पानं कापली की बोंबलले. पुस्तकाच्या पोटात काय असतं ते बघायची वेळ आता पन्नाशी उलटल्यावर आली. आमचे हे मला बघून हसतात. "आम्रपालीबाई, रिटायर व्हायच्या आधी इंजिनिअर होणार वाटतं!" म्हणाले आणि मोटरसायकल काढून खडकवासल्याला ड्यूटीवर गेले. यांचं बरं आहे. धरणाचं दार उघडायचं किंवा लावायचं. तिसरं काही नाही.

१० जून

कळलं. यूट्यूबवर एक मुलगा हिंदीतून शिकवतो. फार भरभर बोलतो, पण परत परत लावता येतो.

ई-पुस्तक म्हणजे आतून सगळं कोड. त्यात & हे चिन्ह एकटं चालतच नाही. त्याच्या जागी &amp; असं पाचअक्षरी लचांड लिहायचं, मग वाचणाऱ्याला नुसतं & दिसतं. 'पेक्षा कमी'चं जे चिन्ह असतं, <, ते तर त्याहून नाजूक. ते दिसलं की कोडला वाटतं आपल्याला हुकूम सुटला. म्हणून त्याच्या जागी &lt; लिहायचं. सरळ लिहिलेलं यांना कळत नाही, आडवळणानं लिहिलं की लगेच कळतं. आमच्या हेडक्लार्कचंही असंच आहे.

ओळ दोनशे बारा दुरुस्त झाली. लगेच ओळ दोनशे एकोणीस लाल.

१५ जून, रविवार

सौरभच्या डोळ्यांबद्दल इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण एकदा लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको.

बारावीत असताना संध्याकाळी ठेचकाळायला लागला. आम्ही म्हटलं वयात आलाय, लक्ष नाही. मग इंजिनिअरिंगला फळ्यावरचं दिसेना. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागचा पडदा जातोय, हळूहळू जाईल. हळूहळू कुठलं! कॉलेज संपायच्या आत सगळं गेलं. आता उजेड आणि अंधार तेवढा कळतो. चोविसाव्या वर्षी काठी घेऊन बसस्टॉपवर उभा राहतो आणि मी गॅलरीतून बस येईपर्यंत बघत बसते. त्याला माहीत आहे मी बघते ते. एकदा वर न बघताच हात हलवला.

तो स्पर्धा परीक्षेला बसणार. एकदाच. "नाही झालं आई, तर मामाच्या ओळखीनं फोनवरची नोकरी धरतो. लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. कान चांगलेत माझे." हसत म्हणाला. मला नाही हसू आलं. हा मुलगा सातवीत असताना कलेक्टर होतो म्हणाला होता, आणि त्याचा अर्थ त्याला माहीत होता.

पुस्तकं मी वाचून दाखवायचे आधी. विहारात वर्षावासात ग्रंथ वाचायला मलाच बसवतात, माझं वाचन चांगलं आहे असं सगळे म्हणतात. पण सौरभसमोर दोन पानं झाली की माझा आवाज बसतो. मी काही रडत नाही, पण त्याला ऐकू येतंच. एक दिवस म्हणाला, "आई, तू वाचतेस तेव्हा मला पुस्तक ऐकू येत नाही गं. तूच ऐकू येतेस."

म्हणून ही फोनमधली बाई. मशीनचा आवाज. तिला कोणाची कीव येत नाही, तो किती जोरात पळवतो तिला! इतक्या वेगानं की मला एक शब्द कळत नाही, नुसती गिरणी चालल्यासारखं वाटतं. त्याला सगळं कळतं. पण ती बाई वाचणार कधी, तर पुस्तक आतून नीट असेल तेव्हा. ते नीट करणारी मी.

१८ जून

पुस्तक भीमराव सरांचं आहे. सौरभच्या क्लासचे सर. अर्थशास्त्र आणि पंचायत राज, सगळ्या पोरांच्या हातात तेच. फाईल मागितली तर एका शब्दात दिली — "घ्या." सर पुस्तकातही तसेच आहेत. वाक्य लिहीतच नाहीत. 'आणि'च्या जागी &, 'पेक्षा कमी'च्या जागी <, 'म्हणून'च्या जागी बाण. परीक्षेच्या पोरांना हे आवडतं म्हणे. सरांना शब्दांचे पैसे पडतात की काय!

त्यामुळे माझ्या नशिबात प्रत्येक पानावर चिन्हंच चिन्हं.

२२ जून, रविवार

हसावं की रडावं!

सगळे & एका फटक्यात बदलावेत म्हणून 'सर्व बदला' दाबलं. जे आधीच बदललेले होते तेही परत बदलले. &amp; चं झालं &amp;amp;. ते बघून घाबरून परत दाबलं, तर शेपूट आणखी वाढलं.

श्यामसुंदर सरांचा फोन आला. शनिवार पेठेत बोलक्या पुस्तकांची लायब्ररी चालवतात, स्वतः जन्मांध. मी केलेलं प्रत्येक प्रकरण त्यांना पाठवते, ते ऐकून सांगतात. म्हणाले, "मॅडम, आपलं पुस्तक ऐकलं. शेती अँड ए एम पी सेमिकोलन ए एम पी सेमिकोलन पाणीपुरवठा. पंचायत राज आहे की मंत्र आहे? मी हात जोडून बसलो होतो."

म्हटलं, "सर, कोडमध्ये जरा —"

"कोड मला कळत नाही. कान कळतात. नमस्कार." ठेवला.

२३ जून

पहिल्यापासून सुरू.

३० जून

आज लायब्ररीतून आल्या आल्या बसले. दमले. लाल ओळी संपत नाहीत. एक काढली की खाली दुसरी तयार. वर्डमधून आलेल्या फाईलीत कचरा किती! प्रत्येक परिच्छेदाला मागेपुढे कोडाचे डबे जोडलेले. त्यात माझे हे &lt; आणि &amp;. मराठी वाक्य शोधावं लागतं त्यात, तांदळातले खडे काढावेत तसं. इथे खडेच जास्त.

सौरभ मागे येऊन उभा राहिला. "आई, राहू दे ना. मी सुरुचीकडून ऐकतो थोडंफार." सुरुची म्हणजे अभ्यासिकेतली त्याची मैत्रीण. तिची स्वतःची परीक्षा आहे, ती याला किती वाचून दाखवणार? म्हटलं, राहू देणार नाही. ओरडूनच म्हटलं. तो गेला.

नंतर वाईट वाटलं. ज्याला दिसत नाही त्याच्यावर ओरडलं की तोंड कुठे करावं तेही त्याला कळत नाही. तो दाराकडे तोंड करून "बरं" म्हणाला.

३ जुलै

आज डोकं चालवलं! सगळी चिन्हं आधी साधी करून टाकली. &lt; होतं तिथे सरळ <. &amp; होतं तिथे सरळ &. म्हणजे निदान मला तरी मराठी वाचता येईल. शेवटी एकदाच सगळी परत बदलायची. धुणं आधी भिजवायचं, मग एकत्र पिळायचं.

५ जुलै

झालं! झालं! झालं!

हिंदी मुलाच्या एका व्हिडिओत युक्ती सापडली. कोडाचा सगळा कचरा < आणि > या दोन खुणांच्या मध्ये असतो. मशीनला सांगायचं, पहिली खूण दिसली की दुसरी येईपर्यंत जे असेल ते उचल आणि फेकून दे. दाबलं. एका क्षणात फाईल धुतल्यासारखी झाली. नुसतं मराठी! मग परिच्छेद परत बांधून घेतले, ते आपोआप होतं. & सगळे बदलले, या वेळी एकदाच दाबून.

मग < बदलायला गेले तर एकही सापडला नाही. परत शोधलं. नाही. मशीननंच केलं असेल मधे कुठेतरी. देव पावला म्हणायची आपल्यात पद्धत नाही, पण तसंच काहीसं.

तपासणीला लावलं. हिरवी खूण. 'एकही चूक नाही.'

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि परत येऊन बघितलं. हिरवीच होती.

६ जुलै, रविवार

सौरभनं सकाळपासून ऐकलं. बुधवार पेठेत जाऊन त्याला नवा हेडफोन आणला, चांगला, कानाला दुखत नाही असा. दुपारी म्हणाला, "मस्त झालंय आई. कुठे अडखळत नाही बाई." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. खांदा शोधावा लागला नाही त्याला.

मी इतकी हसले! कशाला हसले ते आठवत नाही. हे बाहेरून म्हणाले, "टीव्ही चालू आहे का? घरात कोणी हसतंय."

श्यामसुंदर सरसुद्धा म्हणाले, "ऐकण्यासारखं आहे." त्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

१० जुलै

आषाढ पौर्णिमा. विहारात ग्रंथवाचन सुरू झालं, पहिलं पान मीच वाचलं. आवाज बसला नाही. लोक म्हणाले, ताई, आज वेगळंच वाचलंत.

१९ जुलै

सुरुची आली होती. बारीक आहे, बोलते मात्र तोंड भरून. "काकू, पोह्यात शेंगदाणे घातले नाहीत का, की मोजून घातले?" चांगली आहे. दोघं गॅलरीत बसले. हेडफोनचं एक टोक तिच्या कानात, एक याच्या. तिच्या मांडीवर सरांचं छापील पुस्तक. मधेच फोन तोंडासमोर धरून काहीतरी पुटपुटत होती. म्हटलं, कोणाशी बोलतेस गं? "काही नाही काकू, व्हॉइस नोट." सौरभ उगाच खोकला.

प्रेमात बिमात पडले असतील. पडू देत. परीक्षा झाल्यावर बघू.

९ ऑगस्ट

नदीपात्रात ढोलाचा सराव. खिडक्या लावल्या तरी छातीत वाजतो. सौरभ कानावर हात दाबून ऐकत बसतो, बाईचा आवाज चढवून. मी खिडकीतून शिव्या देते. ढोलाला काय फरक पडतो!

२८ ऑगस्ट

सरांच्या दुसऱ्या पुस्तकाचं श्यामसुंदर सर विचारत होते. म्हटलं, परीक्षा झाल्यावर. आता डोळे दुखतात. लिहिलं आणि लाज वाटली, मला काय झालंय डोळे दुखायला.

२० सप्टेंबर

धरण भरलं. हे सलग ड्यूटीवर. पाणी सोडताना आधी भोंगा वाजवतात, तो फोनवर मला ऐकवला. "ऐक, किती गोड आवाज आहे." या माणसाची गोडीची व्याख्या निराळीच.

११ ऑक्टोबर

उद्या पेपर. लेखनिक मिळालाय, श्यामसुंदर सरांनीच बघून दिला, शांत मुलगा आहे. सौरभ बोलणार, तो उत्तरांवर खुणा करणार. सौरभ निवांत. मी सकाळपासून दोनदा मीठ घातलं आमटीत.

१२ ऑक्टोबर, रविवार

शाळेच्या फाटकाबाहेर बसले होते. बाहेर आला. "ठीक गेला."

ठीक म्हणजे?

"म्हणजे ठीक, आई. काही प्रश्न कळलेच नाहीत. पंचायत राजमध्ये अडकलो."

म्हटलं, ते तर आपलं पक्कं होतं! बसमध्ये तो खिडकीशी बसला. उजेड कळतो म्हणून खिडकीशीच बसतो.

१ नोव्हेंबर

दुसरं पुस्तक घेतलं हातात. तेच कोड, तोच कचरा. पण आता मी शिकलेली. हसत हसत उघडलं.

२ नोव्हेंबर, रविवार

लिहून टाकते, नाहीतर कोणाला सांगू.

दुसऱ्या पुस्तकात पहिल्याच पानावर &lt; दिसलं. मनात आलं, पहिल्या पुस्तकात ही चिन्हं शेवटी सापडलीच नव्हती. कुठे गेली होती? सहज म्हणून दोन्ही फाईली उघडल्या — सरांनी दिलेली आणि मी केलेली. शेजारी शेजारी ठेवून बघितल्या.

सरांच्या फाईलीत: 'ग्रामपंचायत सदस्य — लोकसंख्या <' आणि पुढे अख्खा परिच्छेद. कोणाची किती संख्या, आरक्षण, मुदत, कोण काढून टाकतं, सगळं.

माझ्या फाईलीत: 'ग्रामपंचायत सदस्य — लोकसंख्या'. बस. पुढचा परिच्छेद सुरू.

मीच ते साधं < करून ठेवलं होतं, मला वाचता यावं म्हणून. आणि मीच मशीनला सांगितलं, ही खूण दिसली की पुढची येईपर्यंत सगळं फेकून दे. त्याला काय माहीत, हा कचरा नाही, सरांचं 'पेक्षा कमी' आहे! त्यानं परिच्छेदाच्या टोकापर्यंत उचललं. जिथे जिथे सरांनी ते चिन्ह काढलं तिथे तिथे पुढचं सगळं गेलं. दारिद्र्यरेषा गेली. ग्रामसभा गेली. जिल्हा परिषदेचं अर्धं प्रकरण गेलं. आणि नंतर तपासलं तेव्हा चूक कुठून सापडणार? चुकीसकट सगळं गेलं होतं.

हिरवी खूण! मी त्यावर हसले होते.

सरांची ती तुटक लिहायची सवय. वाक्य अर्धं राहिलं तरी पूर्णच वाटतं. आणि सौरभला कसं कळणार काय नाही ते? दिसत असतं तर छापील पुस्तकाशी ताडून बघितलं असतं. कान फक्त आहे ते ऐकतात.

पंचायत राजमध्ये अडकलो, म्हणाला.

३ नोव्हेंबर

रजा टाकली. फाईल दुरुस्त करत बसले. का करतेय? पेपर होऊन गेला. तरी करतेय.

एकेक परिच्छेद परत आणून बसवला. एकेक वाचला. मुलाच्या ताटातून मीच घास काढून घेतले होते, तेच आता उष्ट्या ताटात परत वाढतेय.

श्यामसुंदर सरांना फोन केला, पहिली फाईल कोणाला देऊ नका. ते म्हणाले, "दिली नव्हती. म्हटलं, आपल्या मुलाचा पेपर होऊ दे आधी, त्याचं पुस्तक आहे." त्यांना काही टोचून बोलायचं होतं असं वाटलं. बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर

यांना सांगितलं. हे जेवत होते. हात थांबला.

"सौरभला सांगितलंस?"

नाही.

"पाणी सोडून झाल्यावर दार लावून काही होत नाही. पण खाली माणसं असली तर भोंगा वाजवावा लागतो, आम्रपाली."

म्हटलं, माणूस वाहून गेल्यावर भोंगा कशाला? यांनी ताट उचलून स्वतः घासायला नेलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.

६ नोव्हेंबर

सांगायला गेले. तो शीळ घालत दाढी करत होता. आरशाशिवाय करतो, बोटांनी चाचपत. परत आले.

१४ नोव्हेंबर

कदाचित निघेलही. त्यातले प्रश्न किती असतील असे? बाकी विषय पक्के आहेत त्याचे. निघालं तर सांगायची गरजच नाही. मी स्वतःलाच समजावते आणि स्वतःच ओळखते की समजावते आहे. गॅस चालू ठेवून दूध विसरले. पातेलं जळलं.

२३ नोव्हेंबर

सुरुची आली. गॅलरीत बसले दोघं. मला हाक मारली, "काकू, या ना बसायला." काम आहे म्हटलं. काही काम नव्हतं. स्वयंपाकघरात उभी राहिले.

ती हसली की तो हसतो. बाकी वेळ गप्प असतो हल्ली.

४ डिसेंबर

निकाल. यादीत नंबर नाही.

फोनमधल्या बाईनं वाचून दाखवला त्याला. त्याच वेगानं. तिला काय! त्यानं परत एकदा ऐकला, हळू करून. मग फोन उलटा ठेवला. "मामाला सांग आई, सोमवारपासून येतो म्हणावं."



७ डिसेंबर, रविवार

सांगितलं.

सगळं सांगितलं, चिन्ह, कचरा, हिरवी खूण, सगळं. मधे थांबले नाही, नाहीतर झालं नसतं. म्हटलं, बाळा, तू नापास नाही झालास, मी केलं तुला. परत बस. मामाला नाही म्हणून कळवते. पुस्तक नीट केलंय मी, एक अक्षर गळलेलं नाही, तीनदा तपासलंय. चूक माझी होती, ती काढलीय. पुढच्या वेळी होईल बघ.

तो ऐकत होता. माझ्याकडे तोंड होतं त्याचं, बरोबर माझ्याकडे. म्हणाला, "जेवलीस का तू?"

सौरभ, मी काय सांगते —

"ऐकलं आई. जेव आधी."

आणि आत गेला. दार लावून घेतलं नाही. नुसता बसला पलंगावर. मला चिडायलाही जागा ठेवली नाही या मुलानं.

८ डिसेंबर

पहिला दिवस नोकरीचा. मी गॅलरीत. वर हात हलवला नाही.

१० डिसेंबर

सुरुची आली, सौरभ कामावर असताना. चहा नको म्हणाली. "काकू, त्यानं सांगू नको म्हटलंय. पण तुम्ही असं तोंड करून फिरताय, मला बघवत नाही." फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

तिचाच आवाज. जुलैतला. 'प्रकरण सात. इथलं काकूंच्या हातून राहिलंय. लोकसंख्या पेक्षा कमी...' पुढे अख्खा परिच्छेद, सावकाश, स्पष्ट. मग दुसरी नोट, तिसरी. गळलेली प्रत्येक जागा तिनं छापील पुस्तकातून वाचून भरलेली. पहिलीच्या शेवटी मागून सौरभ — 'आईला कळू देऊ नकोस हं. आत्ता कुठे हसायला लागलीय.'

म्हणजे त्याच्याकडे सगळं होतं. जुलैपासूनच.

मग नापास कशानं झाला गं तो?

"पेपर अवघड होता, काकू. माझाही नंबर नाही."

माझी चूक असती तर दुरुस्त तरी केली असती.